दोरीवरच्या माणसांचा रस्ता

स्कूटरची किल्ली हातात पडते तेव्हा तुम्ही स्वतःला पुन्हा पुन्हा बजावता : उजवीकडून, उजवीकडून. व्हिएतनाममध्ये वाहनं रस्त्याच्या उजव्या अंगानं चालतात. जन्मभर डावीकडून गाडी चालवलेला हात सरळ रस्त्यावर निमूट ऐकतो, पण चौकात वळायची वेळ आली की जुनी सवय उसळी मारते. सकाळचे सहा वाजलेत. हनोईच्या उत्तरेला जवळपास तीनशे किलोमीटरवर, हा जांग शहरात तुम्ही उभे आहात. स्लीपर बसमध्ये रात्रभर वळणं खाऊन अंग आंबलंय. मोठी पाठपिशवी हॉस्टेलवर ठेवलीय, लहान पिशवी मागच्या सीटवर रबरी पट्ट्यांनी आवळलीय, रेनकोट हाताशी येईल असा सगळ्यात वर. गाडी क्लच नसलेली, पायानं गिअर टाकायची. भाड्यानं देणाऱ्या बाईंनी हातवारे करून एकच गोष्ट समजावली : उतारावर ब्रेक दाबून धरायचा नाही, गिअर खाली आणायचा. घाट उतरलेल्या माणसाला हे ठाऊक असतं. तरी नीट ऐकून घ्या. पुढचे दोन दिवस सोबतीला कुणी नाही.

शहरात शून्य किलोमीटरचा दगड आहे. सगळे तिथं फोटो काढतात, तुम्हीही काढा. मग इंजिन बंद करून थांबा, कारण इथून पुढं जायचं तर वर्ष बदलावं लागतं.

१९५९. सप्टेंबरची १० तारीख.

स्कूटर नाही, कारण तिला चालायला रस्ताच नाही. तुमच्या हातात तट्टूचा लगाम आहे आणि तट्टूच्या पाठीवर मिठाच्या गोण्या. समोर चुनखडीच्या डोंगरांची रांग, तिच्यामागे आणखी एक, त्यामागे डोंग वानचं पठार आणि पठार संपलं की चीन. वर मीठ मिळत नाही, म्हणून ते खालून जातं. पठाराच्या पार टोकाला असलेल्या मेओ वाकला पोहोचायला दिवसामागून दिवस पायवाट तुडवायची. वर कुणी अडलं-नडलं, आजारी पडलं, तर त्याला पाठीवर घेऊन याच वाटेनं खाली उतरायचं. पाच वर्षांपूर्वी, १९५४ मध्ये, देशाचे दोन तुकडे झालेत. हनोईच्या सरकारला या टोकाच्या डोंगरी मुलखापर्यंत रस्ता न्यायचाय आणि आज त्या कामाचा पहिला दिवस आहे.

गर्दीकडं पाहा. ही काही पटाईत सुरुंगवाल्यांची टोळी नव्हे. विशीच्या आसपासची पोरं-पोरी आहेत, वेगवेगळ्या प्रांतांतून आलेली. काहींनी डोंगर पहिल्यांदाच पाहिलाय, ती सखल भातखाचरांच्या मुलखातून आलीत. तेराशेहून अधिक स्वयंसेवक तरुण आणि त्यांच्या जोडीला हजारावर स्थानिक माणसं. ह्मोंग, ताय, दाओ, नुंग, लोलो, किन्ह. सगळ्यांची मिळून सोळा जमातींची माणसं या रस्त्यावर राबणार आहेत. यंत्रं नाहीत. पहारी, घण, फावडी, हातगाड्या आणि सुरुंगाची दारू. एवढ्यावर साधारण १८५ किलोमीटरचा रस्ता काढायचाय.

तट्टू कुणाच्या तरी हाती द्या आणि पुन्हा स्कूटरवर बसा. आता रस्ता तुमच्या चाकांखाली, जसजसा खणला जाईल तसतसा, उलगडत जाईल.

सुरुवातीला तो नदी धरून चालतो आणि मग बाक सुमच्या घाटात एकदम अंगावर येतो. तिसरा गिअर, दुसरा गिअर. दर वळणावर हॉर्न द्यायचा. ही इथली रीत आहे आणि ती पाळायची, कारण पलीकडून सिमेंटचा ट्रक वळणाचा निम्मा भाग खाऊन येत असतो. हवा थंड होते, कानात दडे बसतात, आणि क्वान बाच्या खिंडीत, जिला इथली माणसं स्वर्गाचं दार म्हणतात, तुम्ही ढगांच्या वर निघता. खाली ताम सोनचं खोरं, भातशेती, त्यात शेजारीशेजारी दोन गोल टेकड्या. १९६१ च्या मार्चमध्ये हो ची मिन्ह हा जांगला आले होते. या रस्त्याला ‘सुखाचा रस्ता’ हे नाव त्यांनीच दिलं असं इथं सगळे सांगतात. तुम्ही खिंडीत उभे आहात तिथल्या पोरांना त्या वर्षी अजून ठाऊक नाही, की अर्धंही काम झालेलं नाही आणि सगळ्यात अवघड तुकडा अगदी शेवटी वाढून ठेवलाय.

येन मिन्हपर्यंत पाइनचं रान लागतं. तिथं जेवून घ्या, टाकी भरून घ्या. पुढं पेट्रोल बाटलीतूनही मिळतं, पण बाटलीतलं घ्यायची वेळ येऊ देऊ नये.

येन मिन्हनंतर माती संपते. खरंच संपते. उरतो तो करडा, टोकदार, धारदार दगड, डोंगरच्या डोंगर. आणि त्या दगडात मका उभा असतो. गाडी बाजूला घ्या, हे जवळून पाहण्यासारखं आहे. एक ह्मोंग बाई पाठीवर वेताची निमुळती टोपली घेऊन उतार चढते आहे. टोपलीत माती आहे, खालच्या घळीतून भरून आणलेली. दोन सुळक्यांच्या मधे ओंजळभर जागा आहे, तिच्या कडेनं तिनं आधी लहान लहान दगड रचून घेतलेत, पावसात माती वाहून जाऊ नये म्हणून. मग ती माती ओतते, बोटांनी दाबते, चार दाणे टाकते, वर पुन्हा मूठभर माती. आणि पुढच्या खड्ड्याकडं वळते. एकेका खड्ड्यात दोन-चार ताटं. असे किती खड्डे म्हणजे एका घराचं वर्षाचं मक्याचं पीठ होत असेल, याचा हिशेब तुम्ही उभ्या उभ्या मांडू पाहता आणि सोडून देता. हे कोणत्या वर्षी पाहिलंत ते सांगता येणार नाही, कारण १८५९ मध्येही ते असंच असणार आणि आज सकाळीही असंच चाललं होतं. खडकाच्या बेचक्यातली ही शेती व्हिएतनामनं २०१४ मध्ये राष्ट्रीय वारसा म्हणून नोंदवली. योग्यच केलं. मला विचाराल तर या पठारावर पाहण्याजोगी पहिली गोष्ट हीच.

ती ज्या दगडात पेरतेय तो तळहातानं चाचपून बघा. खरखरीत लागतो. त्यातले शिंपले, त्यातली प्रवाळं कधीकाळी जिवंत होती. इथं समुद्र होता. पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वी उथळ, कोमट पाणी या जागी हेलकावत होतं, आणि तळाशी साचलेल्या कवचांचा पुढं चुनखडक झाला. तो वर उचलला गेला, मग पावसाच्या पाण्यानं त्याला विरघळवून विरघळवून असा काटेरी केला. पाणी या खडकात ठरतच नाही, भेगांतून थेट पोटात जातं. म्हणून इतका पाऊस पडूनही हे पठार तहानलेलं राहतं. युनेस्कोशी जोडलेल्या जागतिक भूउद्यानांच्या यादीत या पठाराचं नाव २०१० मध्ये आलं, ते या दगडामुळं.

थाम मा चढणीवर नऊ-दहा वळसे एकावर एक रचलेले आहेत. पूर्वी इथं ओझं लादून घोडी चढवत आणि जे दमानं वर पोहोचेल ते ठेवून घेत, असं सांगतात. तुमची गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत वर येते.

सा फिन गाव. हायवे सोडून डावीउजवीकडं न बघता खाली उतरा, उंच, सरळसोट झाडं दिसतील. वर्ष १९२८. घराचं काम नुकतंच संपलंय. १९१९ पासून चाललं होतं, कारागीर सीमेपलीकडून, युनानमधून आणलेले. चौसष्ट खोल्या, आत एकामागून एक चौक, भोवती दगडी तटबंदी आणि तिच्यात बंदुकीसाठी झरोके. मालक आहे वुओंग चिन डुक, ह्मोंगांचा सरदार. फ्रेंचांनी त्याची सत्ता मान्य केलीय, कारण पठारावर अफू पिकते आणि अफूच्या मक्तेदारीवर फ्रेंच वसाहतीची तिजोरी भरते. खाली वाका, लाकडी खांबाच्या तळाशी दगडी बैठक आहे तिला हात लावा. ती अफूच्या बोंडाच्या आकाराची घडवलीय. बोंडावरचा मुकुटसुद्धा कोरलाय. एका माणसानं आपलं वैभव कशावर उभं आहे हे इतकं उघडपणे घराच्या पायथ्याशी कोरून ठेवावं, हे मी दुसरीकडं कुठं पाहिलेलं नाही. या घरातला मुलगा, वुओंग ची सिन्ह, पुढं हो ची मिन्ह यांच्या बाजूला गेला आणि स्वतंत्र व्हिएतनामच्या पहिल्या संसदेत बसला. आपल्या डोंगरातून गाडीरस्ता जातोय हे तो हयातीच्या शेवटी ऐकू शकला. १९६२ मध्ये तो गेला, रस्ता अजून पुरा व्हायचा होता.

अंधार पडायच्या आत डोंग वान गाठा. रात्री हे घाट चालवू नयेत. धुकं उतरलं की समोरचा दिवाही दिसत नाही.

डोंग वानला सकाळी थंडीनं बोटं वळत नाहीत. जुन्या बाजारपेठेत एक आजी उकळत्या पातेल्यावर कापड ताणून बसलीय. कापडावर तांदळाच्या पिठाचं पातळ मिश्रण पळीनं पसरते, झाकण ठेवते, दहा-बारा आकडे मोजावेत एवढ्यात उचलते. बांबूच्या सपाट काठीनं ती पारदर्शक पापडी अलगद सोडवून ताटावर घेते, आत खिमा आणि कानासारखी काळी अळंबी घालून गुंडाळी करते. इतर ठिकाणी हे चटणीवजा पाण्याबरोबर खातात, इथं हाडांच्या गरम कढणात बुडवून. मांसाहार नसाल करत तर अंड्याची गुंडाळी मागा, किंवा नुसती. रविवार असेल तर बाजार भरलेला असतो : पाठीवर टोपल्या, दोरीनं बांधलेली डुकराची पिल्लं, मक्याची दारू प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये, मक्याचं वाफवलेलं भरड पीठ वाट्यांमध्ये. ती दारू सकाळी कुणी प्रेमानं पुढं केली तर कपाळाला लावून परत द्या. तुम्हाला मा पी लेंगचा घाट चालवायचाय.

आता लक्ष देऊन ऐका.

डोंग वान ते मेओ वाक, जेमतेम वीस-बावीस किलोमीटर. स्कूटरवर तासाभराचं काम. पहिली काही वळणं रोजच्यासारखीच, आणि मग उजव्या हाताचा डोंगर उभा होतो, डावीकडची जमीन नाहीशी होते. शेकडो मीटर खाली न्यो क्वे नदी हिरवट निळ्या दोऱ्यासारखी पडलेली. गाडी लावा. कठड्याला पोट टेकवून खाली बघा. पोटात गोळा आला? येऊ दे.

१९६४. कठडा नाही. रस्ता नाही. तुम्ही कड्याच्या माथ्यावर आहात आणि कमरेला दोरखंड आवळलाय.

या कड्यात पाय ठेवायला पायरीएवढीही जागा नाही. म्हणून तुकडीतली धट्टीकट्टी, निडर पोरं निवडलीत, त्यांना वरून सोडायचं. दोर माथ्यावर पक्का बांधलेला. तो पुन्हा ओढून पाहता, मग पाठ दरीकडं करून उतरता. पाय खडकाला लावून शरीर बाहेर तोलायचं. वारा नदीकडून येतो आणि तुम्हाला भिंतीवर आपटतो. एका हातात पहार, दुसऱ्या हातात घण. पहारीचं टोक खडकावर टेकवायचं, घाव घालायचा, पहार थोडी फिरवायची, पुन्हा घाव. प्रत्येक घावाचा झटका खांद्यातून दोराला जातो आणि दोर तुम्हाला झुलवतो. दगडाची भुकटी डोळ्यांत. तासनतास एकाच भोकावर. भोक पुरेसं खोल गेलं की दारू ठासायची, वात लावायची आणि ओरडायचं. वरचे ओढून घेतात. स्फोट होतो, दगड घरंगळत जातात, नदीपर्यंत पोहोचल्याचा आवाज येतोच असं नाही. धूर विरला की पुन्हा खाली. या एका कामगिरीवर, दोराला लटकून, त्या पोरांनी अकरा महिने काढले.

संध्याकाळी वर येता. तळहातांना फोड, फोडांवर फोड. राहुटी गवताची. हिवाळ्यात पठारावर दहिवर गोठतं, अंगावर असलेले कपडे तेवढेच. जेवण मक्याच्या पिठाचं. पाणी जपून, कारण खडकात पाणी राहत नाही हे तुम्ही काल पाहिलंत. आंघोळ ही चैन. शेजारी झोपलेला मुलगा किनारपट्टीजवळच्या सखल गावातून आलाय. त्याच्या भाषेतला एक शब्दही तुम्हाला कळत नाही. पण सकाळी तुमचा दोर त्यानंच तपासला होता.

हा रस्ता पुरा करताना चौदा जणांचा जीव गेला. दगड कोसळून, सुरुंगात, आजारानं. विशीतली पोरं होती ती.

मार्च १९६५. रस्ता मेओ वाकला पोहोचतो. तारीख ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्याच महिन्याच्या २ तारखेला अमेरिकेनं उत्तर व्हिएतनामवर सलग बाँबफेकीची मोहीम सुरू केली आणि ८ तारखेला अमेरिकी मरीन सैनिक दा नांगच्या किनाऱ्यावर उतरले. पहारी खाली ठेवून यातल्या किती जणांनी बंदूक उचलली असेल! सुखाचा रस्ता पुरा झाला तेव्हा देश दहा वर्षांच्या युद्धात शिरत होता. ते संपलं, तोवर चीनशी बिघडलं. फेब्रुवारी १९७९ मध्ये चिनी फौजा सीमा ओलांडून आल्या, आणि हा जांगच्या वी शुयेनच्या डोंगरांत तोफा थेट ऐंशीच्या दशकाच्या अखेरपर्यंत धडधडत राहिल्या. मीठ वर न्यायला खणलेल्या रस्त्यावरून सैनिकही वर गेले. तुमच्यासारख्या परदेशी पाहुण्याला या सीमाभागासाठी वेगळा परवाना लागतो का, हे निघण्याआधी विचारून घ्या.

पुन्हा आजमध्ये या. गाडी जिथं लावली होती तिथंच आहे. इंजिन गार झालंय.

मा पी लेंगच्या माथ्यावर या तरुणांचा पुतळ्यांचा समूह उभारलाय आणि रस्त्याची हकीकत सांगणारी जागा आहे. तिथं मी पाहिलंय ते असं : दुचाकींची टोळी येते, कानठळ्या बसवणारं गाणं लागलेलं असतं, दरीकडं तोंड करून छायाचित्रं निघतात आणि दहा मिनिटांत टोळी निघते. पुतळ्यांकडं पाठ. मला याचं वाईट वाटतं, आणि ते बोलून दाखवायलाच हवं. दरी आपोआप तयार झाली, तिला पाहायला या, जरूर या. पण ज्या चार-पाच मीटर रुंदीवर उभं राहून तुम्ही ती पाहता आहात ती रुंदी माणसांनी दोराला लटकून मिळवलीय. २०१९ मध्ये याच घाटात परवानगीशिवाय उभी राहिलेली बहुमजली इमारत देशभर गाजली, लोक संतापले. तो संताप मला समजतो. या कड्यावर बांधण्याचा अधिकार ज्यांनी सगळ्यात आधी मोल देऊन मिळवला, त्यांनी तिथं फक्त वाट बांधली.

उतरताना दुसरा गिअर. ब्रेक टोचून टोचून. समोरून शाळेची पोरं येतील, घोळक्यानं, रस्त्याच्या अगदी कडेनं. हात हलवतील, तुम्हीही हलवा, पण वेग आधी कमी करा. ही त्यांची शाळेची वाट आहे. पठारावरच्या घरात आज मीठ, औषध, वह्या पोहोचतात त्या याच वाटेनं. मेओ वाक दिसायला लागतं, खोऱ्यात पसरलेलं. पाच-साडेपाच वर्षांत जो रस्ता झाला तो तुम्ही दोन दिवसांत संपवलात.

जाणार असाल, तर दोन-तीन गोष्टी मनापासून सांगतो. घाट चालवायची सवय नसेल तर इथं शिकायला जाऊ नका. स्थानिक चालकाच्या मागे बसून हा सगळा फेरा करता येतो, त्यात काही कमीपणा नाही. उलट खड्ड्यात मका पेरणारी बाई नीट बघायला मिळते. स्वतः चालवणार असाल तर तिथं चालणारा परवाना आणि त्या परवान्यावर लागू होणारा विमा आहे का, हे मुंबई-पुण्याहून निघण्याआधी तपासा. हेल्मेट डोक्यात घट्ट बसणारं मागून घ्या, मिळेल ते घालू नका. सप्टेंबर ते नोव्हेंबर हवा चांगली असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दगडांमधे बकव्हीटची गुलाबी-जांभळी फुलं येतात. पावसाळ्यात दरडी कोसळतात, तेव्हा टाळा. जुलै २०२५ पासून हा जांग प्रांत शेजारच्या तुयेन क्वांगमध्ये विलीन झालाय, त्यामुळं नकाशावर नाव शोधताना गोंधळू नका.

आणि परतीच्या वाटेवर येन मिन्हला थांबा. हा रस्ता बांधताना गेलेल्या तरुणांची दफनभूमी तिथं आहे. कुणालाही विचारा, दाखवतील. गाडी बंद करा, हेल्मेट काढा आणि आत जाऊन या.